बंदुकीच्या कपाटातलं तीन ग्रॅम पाणी

जुलैमध्ये दादर-माहीमकडच्या एखाद्या घरात तापमान २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असणं ही रोजचीच गोष्ट. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण साडेचोवीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. पाच फूट उंच, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल असं बंदुकीचं लोखंडी कपाट घेतलं, तर त्यात सुमारे ३२० लिटर हवा मावते. त्या कपाटभर हवेत पाणी असतं आठ ग्रॅमच्या आसपास. आर्द्रता ८५ वरून ५० टक्क्यांवर आणायची तर त्यातलं जेमतेम तीन ग्रॅम काढावं लागतं. चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त.

हा हिशोब आधीच मांडला, कारण गंजाबद्दल बोलणं निघालं की पहिला प्रश्न येतो तो 'सिलिका जेल (ओल शोषणारे मणी) किती टाकू?' त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: हे तीन ग्रॅम दिवसातून किती वेळा आत परत येतं? दार नीट बसत असेल आणि कपाटातली हवा दिवसात एकदाच बदलत असेल, तर अर्धा किलो सिलिका जेल महिनाभर पुरतं. दाराला चारी बाजूंनी फट असेल आणि हवा दिवसात दहा वेळा बदलत असेल, तर तेच जेल तीन दिवसांत भरून जातं. मग लोक म्हणतात, मुंबईत सिलिका जेल चालत नाही. जेल व्यवस्थित चालतं. ते बिचारं अख्ख्या खोलीची हवा कोरडी करत बसलेलं असतं.

म्हणून सुरुवात दारापासून करा, आणि तीही मे महिन्यात. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. त्यानंतर दमट हवेत गॅस्केटचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या रबरी पट्टीचा, गोंद धड चिकटत नाही.

रात्री खोलीतले दिवे घालवा, मोबाईलचा टॉर्च लावून फोन कपाटात ठेवा आणि दार बंद करा. कुठून उजेड येतो ते पाहा. बिजागरीची बाजू, तळाची कड आणि भिंतीला बोल्ट मारण्यासाठी मागे ठेवलेली भोकं, या तीन जागा बहुतेक कपाटांत उघड्याच असतात. ती मागची भोकं कंपनीने दिलेली असतात आणि तिकडे कोणी बघतही नाही.

फटीची जाडी मोजायला मुलांची क्ले घ्या, नसेल तर कणकेची गोळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून घ्या. चौकटीवर सात-आठ ठिकाणी गोळ्या ठेवून दार पूर्ण लावा, मूठ फिरवा, उघडा आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. फट ४ मिलिमीटर निघाली तर ६ मिलिमीटरची ईपीडीएम रबराची, बंद छिद्रांची पट्टी लागेल. दाबल्यावर ती साधारण एक तृतीयांश दबली पाहिजे. त्याहून जाड लावली तर बोल्ट पूर्ण सरकत नाहीत, कुलुपावर ताण येतो आणि काही महिन्यांत चावी अडायला लागते. अशी पट्टी नागदेवी स्ट्रीटवर रबराच्या दुकानांत मीटरवर मिळते. खिडकीला लावतात तो पिवळसर स्पंज मात्र नको. त्याची छिद्रं उघडी असतात, तो पाणी पितो. चौकट आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पट्टी न ताणता चिकटवा, कोपऱ्यात ४५ अंशांत कापा आणि एक रात्र दार लावून ठेवा.

मागची भोकं सिलिकॉन सीलंटने बुजवायची, पण ट्यूब घेताना नीट बघा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं आणि बंद कपाटात ती वाफ पोलादाला गंज चढवते. गंज थांबवायला लावलेली वस्तूच गंज आणते, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं सीलंट घ्या आणि ते लावल्यावर आठवडाभर कपाट रिकामं, उघडं ठेवा.

आता कपाटाच्या आतलं लाकूड. इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. ८५ टक्के आर्द्रतेत राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सतरा-अठरा टक्के पाणी असतं, ५० टक्के आर्द्रतेत ते नऊ टक्क्यांवर येतं. म्हणजे बंदुकीचा एक किलोचा अक्रोडाचा दस्ता हळूहळू ८० ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. हवेतलं पाणी तीन ग्रॅम आणि एका दस्त्यातलं ऐंशी! आत तीन किलोची प्लायवूडची फळी आणि कार्पेटचं अस्तर असेल तर पाव किलोच्या आसपास पाणी नुसतं सामानातच दडलेलं असतं. त्यामुळे पहिल्या पंधरा दिवसांत जेल दोन-तीनदा भरलं, तर काही बिघडलंय असं समजू नका. सामान सुकतंय. आणि अस्तर नवीन करायचं असेल तर कार्पेट, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड टाळा. ते ओल तर धरतातच, शिवाय त्यांच्यातून आम्लाची वाफ सुटत राहते. पोलादी पट्ट्या आणि जिथे बंदूक टेकते तिथे पॉलिथिनच्या फोमचा तुकडा, एवढं पुरे.

फायरप्रूफ कपाटांचं आणखी वेगळं. त्यांच्या भिंतींत जिप्सम किंवा काँक्रीटसारखा माल भरलेला असतो आणि आगीत त्यातलं पाणी वाफ होऊन आतला भाग थंड ठेवतं. शुद्ध जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणीच असतं. नवीन कपाट कित्येक महिने आतल्या बाजूला ओल सोडत राहतं. असं कपाट घेतलं असेल तर पहिला पावसाळा त्यात बंदूक ठेवण्याआधी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, ठेवून बघा.

हायग्रोमीटर लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतो, पण स्वस्त यंत्र पाच टक्के सहज इकडे-तिकडे दाखवतं. तपासणी सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका. विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि यंत्र एका झिप पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्राने ७१ दाखवलं तर पुढे प्रत्येक आकड्यात चार मिळवायचे. हे सगळं स्वयंपाकघरात करा, मिठाचं झाकण कपाटाच्या जवळही नेऊ नका.

लक्ष्य काय ठेवायचं? ४५ ते ५५ टक्के. ६० च्या वर पोलाद गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. उलट ३५-४० च्या खाली बराच काळ गेलं तर लाकडी दस्ता आक्रसतो आणि स्क्रूच्या आजूबाजूला तडे जातात. डिसेंबर-जानेवारीत बाहेरचीच हवा दुपारी कोरडी असते, तेव्हा घट्ट सील केलेल्या कपाटात किलोभर ताजं जेल ठेवून दिलं तर हे नुकसान होऊ शकतं. त्या दिवसांत अर्ध्या पिशव्या बाहेर काढाव्यात.

सिलिका जेल प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकल बाजारात किलोवर मिळतं. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे, म्हणून केशरी किंवा साधं पांढरं घ्यावं. वर सांगितलेल्या कपाटाला ५०० ग्रॅमच्या दोन पिशव्या लागतात, एक वापरात आणि एक भाजून तयार. पिशवी धुतलेल्या मलमलीची शिवा. सुटे मणी नकोत, कारण त्यांची धूळ पोलादाला ओरखडे पाडते. ओल भरली की रंगीत मण्यांचा रंग बदलतो, पण रंगावर विसंबू नका, वजन करा. ५० टक्के आर्द्रतेला जेल आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं पाणी सहज घेतं, म्हणून पिशवीवरच मार्करने लिहून ठेवा: कोरडी ५००, बदला ५९०. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. भाजताना मणी ट्रेमध्ये बोटभर थरात पसरा आणि ११० ते १२० अंशांवर अडीच-तीन तास ठेवा. त्याहून तापमान वाढवलं तर रंग बदलणारे मणी कायमचे काळपट पडतात. निळे मणी असतील तर जेवण बनवायच्या ओव्हनमध्ये घालूच नका. भाजलेले मणी गरम असतानाच हवाबंद डब्यात भरा. ताटात निवत ठेवले तर मुंबईची हवा तासा-दोन तासांत तुमच्या मेहनतीवर अक्षरशः पाणी फिरवते.

कपड्यांच्या कपाटात टांगतात ते ओल शोषणारे डबे बंदुकीच्या कपाटात चुकूनही नकोत. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. तळाशी जमतं ते पाणी साधं नसतं, ते खारं द्रावण असतं, आणि डबा कलंडून त्याचे चार थेंब जरी नळीवर पडले तरी दोन दिवसांत खड्डे पडतात. डांबर गोळ्या आणि कापूर ओल शोषत नाहीत. तांदूळ अगदीच थोडी शोषतो आणि किडे मात्र हमखास आणतो. चुनकळी पाणी घेते, पण तिची भुकटी उडते आणि ती दाहक असते.

विजेच्या हीटर रॉडबद्दल खूप ऐकायला मिळतं. कपाट चार-पाच अंशांनी गरम ठेवायचं, म्हणजे तेवढ्याच पाण्याला सापेक्ष आर्द्रता कमी होते. थंड देशांत हे झकास चालतं. आपल्याकडे २९ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा ३४ अंशांवर नेली तरी आर्द्रता ६५ वर अडते. ५० हवी असेल तर कपाट ३९ अंशांवर ठेवावं लागेल. त्यामुळे रॉड मदतीला ठीक, एकट्याच्या भरवशावर नाही. परदेशातून मागवलेला ११५ व्होल्टचा रॉड आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळतो, हेही लक्षात असू द्या. रॉडच्या बाजूला जेल ठेवू नका, तिथल्या ऊबेत ते कमी पाणी धरतं. आणि 'झिरोचा बल्ब' लावून ठेवायची जुनी युक्ती फोम, लाकूड आणि तेलकट फडकी असलेल्या बंद पेटीत करू नये. त्यातून आग लागू शकते.

एसीचा मात्र छान उपयोग करून घेता येतो. खोलीत तासभर एसी चालला की हवा साधारण २५ अंश आणि ५५ टक्के होते, म्हणजे घनमीटरला पावणेतेरा ग्रॅम पाणी. कपाट उघडायचं ते अशाच वेळी. मग दार लावलं आणि रात्रीतून खोली परत ३० अंशांवर गेली की आत अडकलेली तीच हवा ४२ टक्क्यांवर असते. जेलवर भार जवळजवळ पडतच नाही. दिवसातून चार वेळा कौतुकाने दार उघडणाऱ्यांनी मात्र हे विसरावं. दर वेळी तीन ग्रॅम आत जातं.

याच एसीची दुसरी बाजू फसवी आहे. बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ थेंब होऊन जमते ते, जुलैत २६ अंशांच्या आसपास असतो. २४ अंशांच्या खोलीतून काढलेली बंदूक जिन्यात नेली की थंड पोलादावर लगेच धुकं धरतं, आणि नळीच्या आतही धरतं, जे दिसत नाही. म्हणून नेमबाजीच्या रेंजवर नेताना ती एसीत असतानाच झिप पिशवीत किंवा घट्ट पेटीत बंद करा आणि बाहेर गेल्यावर पाऊण-एक तास उघडू नका. पाणी पिशवीच्या बाहेर जमेल.

मुंबईतला गंज फक्त पाण्याचा नसतो, त्यात मीठही असतं. स्वयंपाकघरातलं शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या वर पाझरायला लागतं. खडे मीठ त्याच्या कितीतरी आधी ओलं होतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच हवेतून पाणी ओढतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात हेच दोन्ही क्षार असतात. वरळीच्या रेंजवर दोन तास घालवलेल्या बंदुकीवर हा थर बसलेला असतो, वर हाताच्या घामातलं मीठ. अशी बंदूक ४५ टक्क्यांच्या आदर्श कपाटात ठेवली तरी त्या कणांभोवती पाणी असतंच. बोटाच्या ठशाच्या आकारात, रेषा न रेषा उमटलेला तांबूस गंज असाच येतो.

आणि तेलात मीठ विरघळत नाही. न पुसता वरून तेल लावलं तर मीठ तेलाखाली कोंडलं जातं. म्हणून क्रम असा. बंदूक रिकामी आहे हे मॅगझिन काढून, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मग सुती फडकं डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घट्ट पिळा आणि बाहेरचं सगळं पोलाद पुसा. बॅटरीत घालतात तेच पाणी चालतं. लगेच दुसऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तिथूनच फिरवा, म्हणजे उरलेलं पाणी निघून जातं. लाकडाच्या पॉलिशला अल्कोहोल लागू देऊ नका. पाच मिनिटं पंख्याखाली ठेवा, आणि मग तेल. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे, पण ते त्याच दिवशी व्हायला हवं.

तेलात रस्ट प्रिव्हेंटिव्ह, म्हणजे गंजरोधक, असं लिहिलेलं घ्या. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, ते आठवडाभरात ओघळून जातं. खोबरेल तेल चिकट होतं, खवट होऊन आम्ल सोडतं. पाणी उडवणारे स्प्रे पाणी काढायला उत्तम, महिनोन्महिने राखायला नाहीत. थर इतका पातळ असावा की बोट फिरवलं तर चकाकी दिसेल पण थेंब उठणार नाही. जास्त तेल खाली ओघळतं, आणि बंदूक नळी वर करून उभी असेल तर दस्त्याच्या लाकडात मुरून ते मऊ करतं. तेल लावल्यावर पहिली रात्र नळी खाली करून ठेवा. ब्लूइंगवर भरवसा ठेवू नका, तो निव्वळ काळ्या ऑक्साइडचा थर असतो, तेलाशिवाय तो फारसं वाचवत नाही. स्टेनलेसच्या नळ्याही खाऱ्या हवेत डागाळतात. चामड्याच्या म्यानात किंवा रेक्झिनच्या कव्हरमध्ये घालून बंदूक कधीच कपाटात ठेवू नये, ओल आणि क्षार दोन्ही थेट पोलादाला चिकटून राहतात.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर तपकिरी रेघ आली की समजा सुरुवात झाली, डोळ्यांना डाग दिसायच्या कितीतरी आधी. लपलेल्या जागा ठरलेल्या आहेत: दस्त्याच्या खोबणीत टेकणारा नळीचा खालचा भाग, दुर्बिणीच्या रिंगांखालची जागा, स्क्रूच्या खाचा, दस्त्याच्या टोकाच्या प्लेटची आतली बाजू. नळीचा खालचा भाग सगळ्यात वाईट, कारण लाकूड तिथे ओल धरून बसतं आणि दस्ता उतरवल्याशिवाय काही दिसत नाही. तो मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा उतरवावा आणि नळीच्या त्या भागावर मेणाचा थर द्यावा.

डाग आलाच तर त्यावर भरपूर तेल टाका, तासभर मुरू द्या आणि चार शून्याच्या (0000, अगदी बारीक) स्टील वूलने, अजिबात जोर न लावता, गोल गोल फिरवा. तेल तपकिरी झालं की पुसा, नवीन तेल, परत. सॅंडपेपर किंवा भांडी घासायची तारेची घासणी लावली तर ब्लूइंगच निघून जातं. चेंबरमध्ये किंवा नळीच्या आत खड्डे दिसले तर बंदूक वापरू नका, परवानाधारक गनस्मिथला दाखवा.

एअर रायफल आणि पिस्तूलवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. पीसीपीचा (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीचा) २०० मिलिलिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचा म्हणजे बाहेरची ४० लिटर हवा आत कोंबायची. जुलैच्या हवेत त्या ४० लिटरमध्ये जवळपास एक ग्रॅम पाणी असतं. इतक्या दाबाखाली वाफ होऊन राहू शकतं ते फक्त सहा मिलिग्रॅमच्या आसपास, बाकीचं थेंब होतं. हातपंपाच्या तळाच्या ब्लीड व्हॉल्व्हमधून (दाब आणि पाणी सोडायच्या झडपेतून) त्यातलं बरंच बाहेर पडतं, पण प्रत्येक ४०-५० झटक्यांनी तो उघडला तरच. शक्य असेल तर कोरडी हवा भरलेल्या डायव्हिंग सिलिंडरवरूनच भरा. पीसीपीच्या हवेच्या मार्गात खनिज तेल घालायचं नाही, त्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. तिथे फक्त सिलिकॉन ग्रीस.

काडतुसं वेगळ्या, कुलूपबंद आणि रबरी गॅस्केटच्या डब्यात ठेवा, सोबत २० ग्रॅम जेल. त्यांना तेल लावू नका, ते प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीत) शिरलं तर गोळी उडत नाही. तेलकट हातही लावू नका.

शेवटी निवडणुकीच्या काळाबद्दल. ज्यांना शस्त्र जमा करायला सांगितलं जातं, त्यांची बंदूक कित्येक आठवडे दुसऱ्याच्या कपाटात असते आणि तिथली आर्द्रता आपल्या हातात नसते. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता ६ जूनला संपली आणि ९ जूनला मुंबईत पाऊस दाखल झाला. जमा करण्याच्या आदल्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे मीठ पुसून नेहमीपेक्षा जाड थर द्या, नळीत तेलाचं फडकं फिरवा आणि बंदूक व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या कागदात) गुंडाळा. बाहेर फोमचं कव्हर घालू नका. पोचपावतीवर क्रमांकासोबत बंदुकीची अवस्था लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. परत मिळाल्यावर त्याच संध्याकाळी दस्ता उतरवा, नळीचा खालचा भाग पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा, आणि पुन्हा गोळी झाडण्याआधी नळीतलं सगळं तेल कोरड्या फडक्याने काढून टाका.